सोरायसिसची गणना : फेरो बेटांवरील पाहणीचे ऐतिहासिक महत्त्व

एखाद्या रोगाचे समाजातील प्रमाण किती, हा प्रश्न वरवर पाहता केवळ वैद्यकाचा वाटतो. सोरायसिसच्या बाबतीत मात्र तो इतिहासाचाही आहे, कारण हा रोग शतकानुशतके कुष्ठरोगाच्या नावाखाली वावरला. इंग्लंडमधील रॉबर्ट विलन यांनी १८०८ च्या सुमारास त्याचे अचूक वर्णन केले खरे, पण त्याच्या एका प्रकारास 'लेप्रा' हेच नाव ठेवले. व्हिएन्नाच्या फेर्डिनांड हेब्रा यांनी १८४१ मध्ये हे दोन रोग निःसंदिग्धपणे वेगळे केले. त्यापूर्वीच्या नोंदींतून सोरायसिसचे प्रमाण काढू पाहणे व्यर्थ होय.

पुढेही सुमारे शतकभर जे आकडे मिळत गेले ते मुख्यतः दवाखान्यांतील होते. दवाखान्यात येतो तो त्रासलेला, शहराजवळ राहणारा, ऐपत असलेला रुग्ण. कोपरावर दोन चट्टे घेऊन शेतात राबणारा मनुष्य त्या वहीत कधीच येत नाही.

ही उणीव भरून काढली ती डेन्मार्कच्या अखत्यारीतील फेरो बेटांवर. उत्तर अटलांटिकमधील या अठरा बेटांना साथरोगशास्त्रात पूर्वपरंपरा होती; १८४६ च्या गोवराच्या साथीत सुमारे ७,८०० रहिवाशांपैकी ६,००० हून अधिक आजारी पडले आणि पीटर पानुम या तरुण डॉक्टराने तेथेच आपला विख्यात अभ्यास केला. गुन्नार लोम्होल्ट यांनी याच बेटांवर १०,९८४ व्यक्तींची त्वचा तपासली. १९६३ मध्ये कोपनहेगन येथे प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथानुसार सोरायसिसचे प्रमाण सुमारे २.८ टक्के होते. येथे रुग्ण डॉक्टरांकडे आला नाही, डॉक्टर वस्तीकडे गेले. प्रस्तुत लेखकाच्या मते लोम्होल्ट यांचे खरे श्रेय त्या आकड्यापेक्षा या पद्धतीत आहे.

अर्थात, एका लहान, परस्परांशी नात्याने बांधलेल्या समाजाचा आकडा जगाला लावता येत नाही. त्याच सुमारास, १९६२ मध्ये, व्हेनेझुएलाचे हासिंतो कॉन्व्हिट यांनी लॅटिन अमेरिकेतील आदिवासींविषयी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे २६,००० जणांत एकही रुग्ण आढळला नव्हता. आनुवंशिकतेचा प्रश्न यामुळे ऐरणीवर आला.

भारताकडे वळता एक विसंगती जाणवते. १८८१ ते १९३१ या काळातील जनगणनांत कुष्ठरोग्यांची स्वतंत्र मोजदाद होत असे. सोरायसिसला असा रकाना कधीच मिळाला नाही. नोंद घेणारा गणनाधिकारी वैद्य नसल्याने त्या रकान्यात इतर त्वचारोगही शिरले असणार, हे उघड आहे. अलीकडे, २०१० मधील एका आढाव्यात भारतातील प्रमाण ०.४४ ते २.८ टक्के दिले आहे. यातील वरचा आकडा फेरो बेटांच्या आकड्याशी तंतोतंत जुळतो, आणि म्हणूनच तो फसवा आहे. एकाचा छेद वस्तीतील माणसे आहेत, तर दुसऱ्याचा बहुतांशी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील रांग.