राजद्रोही बाईची गोष्ट, तिच्याच हातची



कार्ल्सरूहेच्या श्टाट्सथिएटरला तुम्ही नाटकाला गेला असाल, निदान ट्रामने एट्लिंगर टोअरवरून तरी गेला असाल. ते थिएटर उभं आहे तिथेच 1913 पर्यंत आपल्या शहराचं मुख्य रेल्वे स्टेशन होतं. त्या स्टेशनवर 8 एप्रिल 1848 ला योसेफ फिक्लर नावाच्या पत्रकाराला अटक झाली. अटक करवणारा कार्ल माथी हा कालपरवापर्यंत त्याच्याच बाजूचा आमदार! फिक्लरचा साथीदार फ्रीडरिश हेकर इथल्याच श्टेंडेहाउसमध्ये, म्हणजे बाडेनच्या विधानसभेत बसायचा. पुढचा नंबर आपला, हे त्यानं ओळखलं. त्यानं दक्षिणेला कोन्स्टान्स गाठलं आणि ग्रँड ड्यूकचं राज्य उलथून प्रजासत्ताक आणायची हाक दिली.

पण आजची गोष्ट हेकरची नाही. त्याच्या मदतीला निघालेल्या एका बाईची आहे.

तिचं नाव एमा हेरवेग. जन्म 1817, बर्लिनमधला. वडील रेशमाचे बडे व्यापारी, घरात कशाची कमी नाही. घोडेस्वारी, पोहणं, पिस्तूल चालवणं, असे त्या काळी मुलींना न शोभणारे तिचे शौक. गेऑर्ग हेरवेग या क्रांतिकारी कवीची कविता वाचून ती आधी कवितेच्या आणि मग कवीच्या प्रेमात पडली. 1843 मध्ये दोघांचं लग्न झालं. 1848 च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये क्रांती झाली, तेव्हा दोघं तिथेच होते. पॅरिसमध्ये पोटासाठी आलेले हजारो जर्मन कारागीर होते. त्यांच्यातून एक फौज उभी राहिली, अध्यक्ष झाला गेऑर्ग. (परदेशात राहून मायदेशाच्या राजकारणावर तावातावानं बोलणारे आपणही कमी नाही, पण ही माणसं खरंच चालत निघाली.)

हेकरला निरोप पोचवायला सीमेपलीकडे कोणी जायचं, हा प्रश्न आला तेव्हा एमा गेली. सगळीकडे सैन्य पसरलेलं होतं. परत येऊन ती फौजेबरोबर निघाली. अंगात पुरुषी पोशाख, कमरेला पिस्तुलं.

23 एप्रिलच्या रात्री फौजेनं ऱ्हाइन ओलांडली. माणसं हजाराच्या आत, पुष्कळांकडे बंदूकही नाही. काहींच्या हातात नुसते गवत कापायचे लांब दांड्याचे विळे. आणि पलीकडे आल्यावर कळलं की हेकर तीन दिवसांपूर्वीच, 20 तारखेला, कांडेर्नजवळ हरला आहे. लगोलग फ्रायबुर्गही पडलं. ज्याच्या मदतीला आलो तोच पळून गेलेला. आमच्या प्रोजेक्टच्या भाषेत सांगायचं तर क्लायंटच गायब!

आता एकच वाट उरली होती. ब्लॅक फॉरेस्टच्या दक्षिणेकडच्या डोंगरांतून स्वित्झर्लंड गाठायचं. तुमच्यापैकी जे बेल्शेनला चढून आलेत त्यांना तो भाग माहीत आहे. उभे चढ, दाट झाडी आणि एप्रिलअखेरीलाही वर बर्फ असू शकतो. हल्ली आपण चांगले बूट घालून जातो तरी दुपारपर्यंत पाय बोलायला लागतात. कांडेर्न, वीडेन, त्सेल असं करत ही दमलेली माणसं उतरत होती. 27 एप्रिलला, सीमा अगदी हाताशी आलेली असताना, डोसेनबाखला व्युर्टेम्बेर्गच्या सैनिकांनी त्यांना गाठलं. विळेवाले बंदुकांवर धावून गेले. थोड्याच वेळात सगळं संपलं.

एमा आणि गेऑर्ग निसटले. ऱ्हाइनफेल्डनजवळच्या एका शेतकऱ्यानं त्यांना लपवलं, अंगावर चढवायला शेतकऱ्यांचे कपडे दिले. खांद्यावर शेतीची अवजारं टाकून, कामाला निघालेल्या जोडप्यासारखे ते पूल ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये गेले. मला इथे त्या शेतकऱ्याचं नवल वाटतं. कवीचं नाव गाजणारच होतं. पकडला गेला असता तर या माणसाचं काय झालं असतं?

नंतर सुरू झाली बदनामी. गेऑर्ग म्हणे घोडागाडीत चामड्याच्या पडद्याखाली लपून बसला आणि बायकोनं गाडी हाकली! या कहाणीवर लोक वर्षानुवर्षं हसले, तिच्यावर चेष्टेच्या कविता झाल्या. गंमत बघा, त्यात बाईच्या धाडसाचं कौतुक नाहीच. ती धीट, हे नवऱ्याला भित्रा ठरवण्यापुरतंच. एमानं 1849 मध्ये या फौजेचा इतिहास स्वतः लिहून छापला. त्यावर लेखिकेचं नाव नाही. नावाच्या जागी छापलंय : ‘एका राजद्रोही बाईकडून’. शत्रूनं दिलेली शिवी तिनं सहीसारखी वापरली.

इथे मला आपल्या झाशीच्या राणीची आठवण होते. 1858 च्या एप्रिलमध्ये, म्हणजे बरोबर दहा वर्षांनी, तीही रात्रीतून वेढा फोडून काल्पीकडे निघाली. त्या दौडीबद्दल तिनं स्वतः लिहिलेलं आपल्या हाती नाही. आपल्याला भेटतात ते वरसईचे विष्णुभट गोडसे आणि त्यांचा ‘माझा प्रवास’. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीशी त्यांना राणी दिसली, धुळीनं माखलेली, तहानलेली. ते पाणी काढून देऊ लागले, तर विद्वान ब्राह्मणाला हे काम नको म्हणून तिनं स्वतःच पाणी ओढलं आणि ओंजळीनं प्यायली. मुलांना राणीची गोष्ट सांगताना तलवार आणि घोडा सांगाच, पण ही विहीरही सांगा.

हेरवेग कुटुंबाला बाडेनमध्ये परतायला 1866 ची माफी लागली. मग ते आपल्या शेजारच्या बाडेन-बाडेनला राहिले. 1875 मध्ये गेऑर्ग वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला प्रजासत्ताकाच्या मातीत, स्वित्झर्लंडमधल्या लीस्टालला पुरलं. एमा पुढे पॅरिसला गेली, 1904 मध्ये तिथेच वारली. तिची कबरही लीस्टाललाच आहे.

ऱ्हाइनफेल्डनचा हल्लीचा जुना पूल 1912 चा आहे, एमाच्या वेळचा लाकडी पूल जळून गेला. आता त्यावर मोटारी नाहीत. एका बाजूला जर्मनी, दुसऱ्या बाजूला स्वित्झर्लंड, मध्ये छोटं बेट. लोक सायकलवरून भाजी आणायला जावं तसे पलीकडे जातात. तुम्ही गेलात तर मुलांना पुढे पळू द्या. आणि पुलाच्या मध्यावर आलात की तुमचा हात आपोआप खिशातल्या निवास परवान्याकडे जातो का, तेवढं बघा. माझा गेला होता.