हिवतापाच्या पोटातलं शेवाळ

चिक्कडपल्लीहून बेगमपेठ फार लांब नाही. हुसेनसागराला वळसा घातला की आलंच. तिथे जुन्या विमानतळाजवळ एक बैठी इमारत आहे. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला तो तिथे. निजामाच्या राज्यात मराठवाडा होता, म्हणून इकडे रुजलेल्या आपल्या मराठी घरांतून ही गोष्ट मुलांना अभिमानाने सांगतात. हुसेन खान नावाच्या रुग्णाला डास चाववून घेतले, दर डासामागे एक आणा. चार दिवसांनी डासाच्या जठराच्या भिंतीत काळे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. १९०२ साली रॉसना नोबेल मिळालं. हुसेन खानला आणे मिळाले होते, तेवढेच.

मला मात्र त्या गोष्टीचा शंभर वर्षांनंतरचा भाग जास्त ओढतो.

पालकाचा हिरवा रंग, गाजराचा केशरी, बटाट्यातला स्टार्च ही सगळी पेशीतल्या लवकांची करणी. (गाजर-बटाटा आपल्या ताटात नसला तरी उदाहरणाला चालावा.) हिरव्या लवकाला हरितलवक म्हणतात, सूर्यप्रकाशावर अन्न शिजवायची ती चूल. लवक लवकापासूनच जन्मतं, हे शिम्पर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये मांडलं. मग १९०५ मध्ये मेरेश्कोव्स्की या रशियन अभ्यासकाने सांगितलं, की लवक म्हणजे मुळात वेगळा जीव, दुसऱ्या पेशीत राहायला आलेला. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस या बाईंनी तेच नव्या पुराव्यांनिशी लिहिलं. पंधराएक मासिकांनी लेख परत पाठवला होता म्हणे! आज तो पाठ्यपुस्तकात आहे.

आता हिवतापाकडे. त्याच्या जंतूत डीएनएचं एक छोटं कडं सापडलं होतं. बरीच वर्षं ते दुसऱ्याच अवयवाचं, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचं समजलं गेलं. १९९६ पर्यंत त्याची सुमारे ३५ हजार अक्षरं वाचून झाली, आणि ती जुळली वनस्पती-शैवालांच्या लवकांशी. रक्तात जगणाऱ्या, उजेडाशी संबंध नसलेल्या जंतूत लवक! १९९७ मध्ये त्याची जागाही दाखवली गेली. त्याला चार पडदे आहेत, डब्यात डबा ठेवावा तसे. एका पेशीने प्रकाशावर जगणारा जिवाणू गिळला, त्याचं शैवाल झालं. ते शैवाल पुढे या जंतूच्या पूर्वजाने गिळलं. हिरवा रंग केव्हाच गेला, डबा राहिला. त्याला अ‍ॅपिकोप्लास्ट म्हणतात.

हे ऐकून आमच्या जाऊबाईंनी विचारलं, ‘‘मग हा वनस्पतिकाय मोजायचा की त्रस?’’ प्रश्न चांगला आहे. आपल्या ग्रंथांत हे आधीच होतं असं म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. एका शरीरात अनेक जीव ही कल्पना तिथे आहे, पण सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं ते वेगळं. जाऊबाईंना हे पटलं नाही.

औषधांच्या दृष्टीने मात्र हा डबा फार मोलाचा. डॉक्सिसायक्लिन जिवाणूंवरचं औषध, ते हिवतापावर का चालतं? कारण लवक मूळचं जिवाणूचं. गंमत म्हणजे औषध घेतलेला जंतू लगेच मरत नाही. त्याची पिल्लं पुढच्या फेरीत मरतात. फॅल्सिपेरमची एक फेरी ४८ तासांची, म्हणून तापात नुसतं डॉक्सिसायक्लिन पुरत नाही, सोबत जलद औषध लागतं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत डॉ. समन हबीब यांनी याच लवकावर काम केलं आहे.

२०११ मध्ये आणखी एक उलगडा झाला. प्रयोगशाळेत, रक्तातल्या अवस्थेतल्या जंतूचं लवक नष्ट केलं आणि एकच रसायन बाहेरून पुरवलं, तर तो जगला. म्हणजे एवढं बिऱ्हाड सांभाळायचं ते त्या एका पदार्थासाठी! माणसाचं शरीर तो वेगळ्या वाटेने बनवतं, त्यामुळे जंतूची वाट अडवली तर आपल्याला इजा होऊ नये. फॉस्मिडोमायसिन ही वाट अडवतं, हे १९९९ मध्ये दिसलं. एकट्याने दिलं तर ताप उलटतो, म्हणून दुसऱ्या औषधांच्या जोडीने त्याच्या चाचण्या झाल्या.