खानदेश : इतिहास व संस्कृतीविषयक ग्रंथ

सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये तापी, गिरणा, पांझरा व बोरी या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या प्रदेशाविषयी फार्सी, इंग्रजी, मराठी आणि अहिराणी भाषांत झालेले लेखन. माळवा, गुजरात आणि दख्खन यांच्या सांध्यावरचा हा मुलूख असल्याने दिल्लीकडून दक्षिणेत उतरणारी आणि दक्षिणेतून वर जाणारी बहुतेक सैन्ये याच्यातून गेली. ब्रिटिश अमदानीत एकच असलेला हा जिल्हा १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम खानदेशात विभागला गेला. त्यांचेच पुढे जळगाव व धुळे जिल्हे झाले आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. फारुकी सुलतानांची राजधानी बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. त्यामुळे खानदेशाचा इतिहास वाचणाऱ्याला दोन राज्यांची दप्तरे पाहावी लागतात.

या ग्रंथसंभाराचे एक वैशिष्ट्य आरंभीच नोंदवले पाहिजे. खानदेशावरची जुनी पुस्तके बहुतांशी तो जिंकायला, मोजायला किंवा शांत करायला आलेल्यांनी लिहिली. म्हणून त्यांत लढाई, लूट, बंड आणि बंदोबस्त यांना फार जागा मिळाली. इथली शेती, बोली, जत्रा आणि गाणी यांची पुस्तके पुष्कळ उशिरा आली. दोन्ही प्रकारची पुस्तके शेजारी ठेवून वाचली तरच प्रदेश दिसतो.

लिखित साधनांत चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखाला मानाचे स्थान आहे. शके ११२८ च्या या लेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाची आणि त्याला निकुंभ घराण्यातील सोइदेव व हेमाडिदेव यांनी दिलेल्या दानाची नोंद आहे. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे. शेवटी बाजारातील मालावर मठासाठी काय घ्यावे हे सांगायची वेळ आली, तेव्हा लेखकाने बोलीचा आधार घेतला आणि तो भाग जुन्या मराठीचा मोलाचा नमुना ठरला. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात विद्वानांपुढे आणला व पुढे कीलहॉर्न यांनी तो ‘एपिग्राफिया इंडिका’त संपादित केला. खानदेश म्हणजे केवळ धुमाकुळाचा मुलूख, असे मानणाऱ्याने हा लेख आधी वाचावा. गणित शिकवण्यासाठी मठ आणि त्याच्या खर्चाची तजवीज बाजारातून, अशी ही व्यवस्था आठशे वर्षांपूर्वीची आहे.

फारुकी घराण्याची (१३८२–१६०१) सलग हकीकत प्रथम फरिश्त्याच्या फार्सी इतिहासात मिळते. थाळनेरच्या मलिक राजापासून अकबराने असीरगड घेईपर्यंतचा काळ त्यात आहे. इब्राहिम आदिलशहाच्या मुलीचा अकबरपुत्र शाहजादा दानियालशी विवाह झाला, त्या निमित्ताने १६०४ मध्ये फरिश्ता स्वतः बऱ्हाणपुरात आला होता. फारुकींची वंशावळ देताना त्याने त्यांच्याच ग्रंथसंग्रहाचा आधार घेतला. याच दानियालवरून अकबराच्या काळात सुभ्याला ‘दांदेश’ असे नाव दिले गेले, पण ते टिकले नाही. ‘खानदेश’ नावाचा उगम फारुकींच्या ‘खान’ किताबात शोधण्याची रीत आहे. ‘कान्हदेश’, म्हणजे कृष्णाचा, अर्थात गवळ्यांचा देश, ही व्युत्पत्ती अहीर-गवळ्यांच्या स्मृतीला जवळची आहे. यादवकाळातील ‘सेउणदेश’ या नावाचाही या चर्चेत वारंवार उल्लेख येतो.

फरिश्त्याच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १८२९ मध्ये चार खंडांत निघाला. अनुवादक जॉन ब्रिग्ज हाच १८१८ मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतल्यावर तिथला पहिला राजकीय प्रतिनिधी होता. ज्या मुलखाचा बंदोबस्त केला त्याच्या जुन्या सुलतानांचा इतिहास त्याने इंग्रजीत आणला. ज्ञान आणि सत्ता एकाच टेबलावर काम करत होती, याचे इतके स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. अनुवादाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. दोन शतके खानदेशाचा प्रत्येक इतिहासकार त्याच्या ऋणात आहे.

१८१८ च्या लष्करी मोहिमेची तपशीलवार हकीकत व्हॅलेंटाइन ब्लॅकर याच्या १८२१ च्या ग्रंथात आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत थाळनेरचा किल्ला घेतल्यावर सर थॉमस हिस्लॉपने किल्लेदाराला फाशी दिले. त्यावर ब्रिटिश संसदेतही टीका झाली. तापीकाठच्या एका लहान किल्ल्याचा प्रश्न लंडनपर्यंत पोहोचला, याचे कारण शरण आलेल्याला मारले की लढणाऱ्याला, हा वाद अखेरपर्यंत मिटला नाही.

यानंतरचे इंग्रजी लेखन प्रामुख्याने भिल्लांविषयी आहे. कॅप्टन डी. सी. ग्रॅहम याने १८४३ मध्ये खानदेशातील भिल्ल जमातींचा संक्षिप्त ऐतिहासिक आलेख लिहिला. तो पुढे मुंबई सरकारच्या निवडक दप्तरांत छापला गेला. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी केलेली धूळधाण, पाठोपाठचा दुष्काळ, आणि पेशव्यांच्या अधिकाऱ्याने कोपरगावी भिल्लांना विश्वासाने बोलावून केलेली कत्तल या घटना समजल्याशिवाय १८१८ नंतरची भिल्लांची बंडे समजत नाहीत. डोंगरातल्या नाईकांना गावांकडून मिळणारे राखणदारीचे हक्क बुडाले आणि ते हक्क मागणारा माणूस सरकारी कागदात ‘लुटारू’ ठरला. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगाव येथे भिल्ल कोअर उभारली. कालपर्यंत ज्यांचा पाठलाग केला त्यांनाच गणवेश देण्याची ही युक्ती होती. ए. एच. ए. सिमकॉक्स या मुलकी अधिकाऱ्याने तिचा १८२५ ते १८९१ पर्यंतचा वृत्तान्त १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. पुस्तक माहितीने भरलेले आहे, आउट्रमविषयीचा त्याचा आदरही खरा आहे. पण कोअरमधल्या भिल्ल शिपायाला स्वतः काय वाटत होते, हे त्यात मिळत नाही. भिल्ल पुढारी खाज्या नाईक याने सेंधव्याच्या घाटात लुटलेला सरकारी खजिना आणि ११ एप्रिल १८५८ ची अंबापाणीची लढाई यांचे वर्णनही बराच काळ केवळ सरकारी बाजूनेच उपलब्ध होते.

या साऱ्या माहितीचा संग्रह म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड, खानदेश (१८८०). जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या या खंडात पिके, जाती, व्यापार, जमीनमोजणी, इतिहास आणि गावांची नोंद आहे. कापसाच्या पट्ट्याचे वर्णन त्यात भरघोस आहे, कारण अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात खानदेशी कापसाला आलेला भाव तेव्हा ताजा होता. गावांच्या प्रकरणात अमळनेर येते ते बोरीकाठचे कसब्याचे गाव म्हणून. सखाराम महाराजांची वैशाखातली यात्रा आजही याच नदीच्या पात्रात भरते. स्वातंत्र्यानंतर जळगाव (१९६२) आणि धुळे (१९७४) या जिल्ह्यांची सुधारित गॅझेटियरे निघाली. तरी जुन्या खंडाची सर त्यांना आली नाही.

मराठीत संशोधनाची बैठक घातली धुळ्याने. नानासाहेब देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि रामदासी वाङ्मयाची हस्तलिखिते जमवली. वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच निधन झाले. त्यांच्या मागे राहिलेल्या दप्तरांसाठी लगेच पुढच्या वर्षी राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. मंडळाने काढलेले राजवाड्यांचे ‘धातुकोश’ व ‘नामादिशब्दव्युत्पत्तिकोश’ हे ग्रंथ कृ. पां. कुलकर्णी यांनी संपादित केले. ग्रामनामांचा अर्थ लावताना राजवाडे कधी कधी ओढाताण करतात. पण गावाचे नाव हाही इतिहासाचा कागद आहे, ही दृष्टी त्यांचीच.

अमळनेरचे स्थान या संभारात निराळे आहे. इथे खानदेशाचा जाडजूड इतिहासग्रंथ निघाला नाही. वाचणारा आणि विचार करणारा समाज मात्र इथे घडला. गिरणीमालक प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभारले. कापसाच्या व्यापारावर वाढलेल्या तालुक्याच्या गावी वेदान्तापासून पाश्चात्त्य तत्त्वज्ञानापर्यंतचा ग्रंथसंग्रह आणि अभ्यासकांना शिष्यवृत्ती मिळाली. साने गुरुजी इथेच काही काळ अभ्यासक होते. १९२४ मध्ये ते प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि १९३० मध्ये सत्याग्रहासाठी नोकरी सोडून गेले. १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक सुरू केले. खानदेशातील शेतकरी व गिरणी कामगार यांच्या त्या काळातील हालांविषयी लिहिणाऱ्याला त्याचे अंक चाळणे अपरिहार्य आहे. पालगडहून आलेल्या या कोकणी माणसाने खानदेश आपला मानला, आणि खानदेशानेही त्यांना परके ठेवले नाही.

१९५२ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला भरले, तेव्हा अध्यक्ष होते कृ. पां. कुलकर्णी, म्हणजे राजवाड्यांच्या कोशांचे संपादक. त्याच वर्षी बहिणाबाई चौधरी यांची कविता अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. असोद्याच्या, अक्षरओळख नसलेल्या या शेतकरी बाईच्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि नातलग यांनी ऐकून उतरवल्या होत्या. तिची भाषा लेवा गणबोली आहे. तिला अनेकदा सरसकट अहिराणी म्हटले जाते, ते चूक आहे. खानदेशाच्या संस्कृतीवरचे सर्वांत जास्त वाचले गेलेले पुस्तक असे मोटेच्या, जात्याच्या आणि पेरणीच्या शब्दांतून आले. २०२४ च्या फेब्रुवारीत सत्त्याण्णवावे संमेलन पुन्हा अमळनेरला, प्रताप महाविद्यालयाच्या आवारात, रवींद्र शोभणे यांच्या अध्यक्षतेखाली झाले.

विद्यापीठीय इतिहासात खानदेशाची नव्याने मांडणी केली ती स्ट्यूअर्ट गॉर्डन यांनी. पुण्याच्या पेशवे दप्तरातील परगण्यांचे हिशेब तपासून त्यांनी अठराव्या शतकातील खानदेशात महसूल, वतनदारांची नातीगोती आणि वस्ती कशी उभी राहिली ते दाखवले. त्यांचे लेख १९९४ च्या संग्रहात एकत्र आहेत. लुटीमागून पुन्हा लागवड, उजाड गावाला कौल देऊन वसाहत, हा क्रम त्यातून दिसतो. सुमित गुहा आणि अजय स्कारिया यांच्या १९९९ मधील ग्रंथांनी डोंगर व जंगल हे राज्याच्या कडेचे ‘रानटी’ टोक नसून राजकारणाचाच भाग होते, हे भिल्लांच्या व डांगच्या संदर्भात सिद्ध केले. स्कारिया यांनी डांगी लोकांच्या तोंडी असलेल्या कथाही साधन म्हणून वापरल्या. ही पुस्तके इंग्रजीत आहेत, आणि खानदेशातल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला ती मराठीत मिळायला हवीत.

अहिराणीचा अभ्यास ग्रिअर्सन यांच्या भाषापाहणीपासून धरता येतो. त्यांनी ‘खानदेशी’ला मराठीच्या खंडात न ठेवता १९०७ च्या भागात भिल्ली भाषांबरोबर ठेवले, आणि ती गुजरातीला जवळची की मराठीला, हा वाद सुरू झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा भाषावैज्ञानिक अभ्यास आणि अहिराणी-मराठी शब्दकोश सिद्ध केला. इथे युरोपातील एक दाखला उपयोगी आहे. बाल्कन प्रदेशही तुर्क आणि ऑस्ट्रियन साम्राज्यांच्या सांध्यावर सतत पेटता राहिला, आणि त्याच्यावरची पुस्तके बराच काळ परके प्रवासी व अधिकारी लिहीत होते. सर्बियन बंडात सामील झालेल्या वुक काराजिच यांनी व्हिएन्नात १८१८ मध्ये, म्हणजे ब्रिग्ज खानदेशात आला त्याच वर्षी, सर्बियन बोलीचा कोश छापला. त्यांनी शेतकऱ्यांच्या आणि आंधळ्या गायकांच्या तोंडची गाणी गोळा केली, आणि युरोपने तो प्रदेश त्या गाण्यांतून ओळखला. खानदेशात कोश यायला पावणेदोनशे वर्षे लागली. पण कानबाईच्या, गुलाबाईच्या गाण्यांची आणि अहिराणी म्हणींची संकलने आता होत आहेत.

भिल्लांचा स्वतःचा लेखी आवाज शहादा परिसरातील १९७० नंतरच्या श्रमिक संघटनेच्या चळवळीतून पुढे आला. त्या चळवळीचे कार्यकर्ते वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह १९८७ मध्ये निघाला. त्यात मंचावर बसून आदिवासींच्या वतीने बोलणाऱ्यांविषयी जे म्हटले आहे, ते ग्रॅहमपासून सिमकॉक्सपर्यंतच्या लेखकांनाही लागू पडते. धुळ्याचे शरद पाटील यांनी ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ (१९८२) या ग्रंथात जात आणि वर्ग एकत्र तपासले. तो प्राचीन भारताविषयी असला तरी त्यामागे साक्री-नंदुरबारच्या आदिवासी भागातील त्यांच्या कामाचा अनुभव आहे.

१९४२ च्या लढ्याचे लेखन अजून विखुरलेले आहे. नंदुरबारचा शिरीषकुमार, अमळनेर भागात भूमिगत राहिलेले डॉ. उत्तमराव व लीलाताई पाटील, १४ एप्रिल १९४४ ची चिमठाण्याची खजिना-लूट यांच्या हकीकती आठवणी, गौरवग्रंथ आणि स्थानिक पुस्तिकांतून वाचाव्या लागतात. आधीच्या शतकात सेंधव्याच्या घाटात लुटलेला खजिना आणि चिमठाण्याजवळ लुटलेला खजिना यांतली वाट या दोन्ही प्रसंगांना एकत्र धरून अद्याप कोणी चालून पाहिलेली नाही.