व्हीएनसी (दूरस्थ संगणक-वापर)

एका संगणकाचा पडदा दुसऱ्या यंत्रावर आणून तो दुरून चालवण्याची पद्धत. इंग्लंडमधील केंब्रिज येथील ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत ती १९९० च्या दशकात विकसित झाली आणि १९९८ मध्ये मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली झाली. २००२ मध्ये प्रयोगशाळा बंद झाल्यावर तेथील काही संशोधकांनी रिअलव्हीएनसी ही कंपनी काढून काम पुढे नेले.

हिचे सारे बळ साधेपणात आहे. घरच्या संगणकावर सर्व्हर हा प्रोग्राम चालू असतो, हातातल्या यंत्रावर व्ह्यूअर हा दुसरा. पडद्यावर काय बदलले, असे व्ह्यूअर विचारत राहतो. सर्व्हर तेवढाच बदललेला चौकोनी तुकडा पाठवतो. पत्रात ‘क’ टंकला, तर त्या अक्षराभोवतीचे चिमुकले चित्र येते. चित्रपट लावला, की जवळजवळ सगळा पडदा क्षणोक्षणी बदलतो आणि मंद जोडणी अडखळू लागते. देवाणघेवाण मुख्यतः चित्राची आणि कळा-माउसच्या हालचालींची असल्याने विंडोज, मॅक, लिनक्स असा भेद उरत नाही. दूरचा संगणक झोपी गेलेला असेल, तर मात्र इलाज चालत नाही. प्रवासाला निघण्यापूर्वी तो झोपी जाणार नाही अशी सोय करून ठेवावी.

मूळ व्हीएनसीत पासवर्डची पहिली ८ अक्षरेच धरली जात आणि पडद्याचा मजकूर कूटबद्ध होत नसे. म्हणून तिचे नेहमीचे ५९०० क्रमांकाचे पोर्ट इंटरनेटवर उघडे टाकणे म्हणजे घराला कुलूप न लावता गावाला जाणे. एसएसएच किंवा व्हीपीएन अशा कूटबद्ध मार्गातूनच जोडणी करावी.