रहवाल चालीचें यंत्र

पावसाळा लागला कीं रविवारीं सकाळीं कळंबच्या नाक्यावर मोटारसायकलींचे तांडे दिसूं लागतात. नेरळकडून येणारे आणि कर्जतहून कशेळ्यावरून येणारे येथें एकत्र होतात व पुढें म्हसा, मुरबाड करीत माळशेजच्या घाटाकडे जातात. चहाच्या टपरीवरील बांकावर बसून हे प्रवासी आम्ही कित्येक वर्षें पाहत आलों आहों. यंत्रांतलें आम्हांस फारसें कळतें असें नाहीं. आमचा व्यवसाय इतिहास शिकविण्याचा. परंतु एक संवय आम्हांस लागली आहे. गाडी कोणती, तिची किंमत काय, हें न पाहतां स्वार खालीं उतरतो कसा, तें आम्ही पाहतों. कोणी उतरतांच कंबरेवर हात ठेवून मागें वांकतो, कोणी मनगटें झाडतो, कोणी थोडा वेळ पाय फांकून नुसता उभा राहतो. एखादा मात्र घरच्या ओट्यावरून उठावें तसा उतरतो आणि सरळ चहा मागतो.

या दोन प्रकारच्या स्वारांत जो फरक आहे, त्यास आपल्या भाषेंत एक जुना शब्द आहे. फारसींतून आलेला ‘रहवाल’ हा शब्द आज मागें पडला असला, तरी ज्यांच्या घरीं घोडीं होतीं त्यांच्या तोंडीं तो नित्याचा होता. दुडक्या चालीनें जाणारें घोडें क्षणभर चारहि पायांनीं भूमि सोडतें, आणि त्या प्रत्येक क्षणाचा हिशेब स्वाराच्या पाठीच्या कण्याला द्यावा लागतो. रहवाल चालींत घोड्याचें एक ना एक पाऊल भूमीवर असतेंच. त्यामुळें स्वार उधळला जात नाहीं, जणूं वाहत जातो. इ. स. १७३७ च्या वसंतांत पहिल्या बाजीरावानें दिल्लीच्या वेशीपर्यंत धडक मारली, ती काय केवळ चौखूर उधळणाऱ्या घोड्यांवर मारली असेल? चौखूर धांवणारें घोडें कोस दोन कोसांत दमतें. दूरच्या मजलेस चाल लागते. भीमथडीच्या तट्टांची जी ख्याति झाली, ती त्यांच्या चिवटपणामुळें. त्यांच्या उंचीमुळें किंवा रूपामुळें नव्हे.

मोटारसायकल करणारांस ही गोष्ट उमगण्यास मात्र बराच काळ लागला. आरंभीं सर्वांचें लक्ष वेगावर. इंग्लंडांतील नॉटिंगहॅम येथें जॉर्ज ब्रफ यानें १९२४ सालीं ‘एस. एस. १००’ नांवाची गाडी काढली व ती ताशीं १०० मैल धांवेल अशी हमी दिली. अरबस्तानांतील पराक्रमामुळें गाजलेला लॉरेन्स हा या गाड्यांचा मोठा भोक्ता. एकामागून एक अशा सात त्यानें बाळगल्या. १९२७ सालीं तो विमानदळांतील साधा शिपाई म्हणून कराचीस येऊन राहिला होता, हेंहि पुष्कळांस ठाऊक नसतें. १९३५ च्या मे महिन्यांत आपल्या घराजवळच्या रस्त्यावर तो गाडीवरून पडला आणि सहा दिवसांनीं वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या वैद्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. त्यांनीं पुढें मोटारसायकलस्वारांच्या डोक्यास होणाऱ्या इजांचा अभ्यास हातीं घेतला, आणि शिरस्त्राणाचें महत्त्व जगाला पटण्यास त्यांचे निबंध कारण झाले. आज आपण जें शिरस्त्राण नाइलाज म्हणून घालतों, त्याच्या मागें हा मृत्यु आहे.

परंतु वेग आणि लांबचा प्रवास यांची सांगड घालण्याचा खरा ध्यास कोणी घेतला असेल, तर तो फिलिप व्हिन्सेंट यानें. वडिलांची गुरांची शेती आर्जेंटिनांत. त्या पैशावर मुलानें १९२८ सालीं इंग्लंडांतील स्टीव्हनेज गांवीं कारखाना थाटला. त्या काळीं बहुतेक गाड्यांचें मागचें चाक सांगाड्याला ताठ जखडलेलें असे. व्हिन्सेंटच्या गाडीस पहिल्यापासून मागील बाजूस स्प्रिंगा होत्या, आणि अशी गाडी वळणावर दगा देईल असें जाणते लोक सांगत असतांहि त्यानें आपला हेका सोडला नाहीं. पुढें फिल आयर्व्हिंग हा ऑस्ट्रेलियन यंत्रज्ञ त्यास मिळाला, आणि १९४६ सालीं ९९८ घनसेंटिमीटरच्या जोड नळकांड्यांची नवी ‘रॅपिड’ बाहेर पडली. ती ताशीं ११० मैल जाई. १९४८ ची ‘ब्लॅक शॅडो’ १२५ मैल. पण आम्हांस कौतुक या आंकड्यांचें नाहीं. चाक काढण्यास पाना लागूं नये, सांखळी वाटेंतच हातानें ताणतां यावी, गाडी डाव्या उजव्या कोणत्याहि बाजूस टेकवितां यावी, दोघांस नीट बसतां यावें, हा सर्व विचार त्या गाडींत होता. आणि हा विचार शर्यतवाल्याचा नसून वाटसराचा आहे.

येथें एक गंमत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९४८ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील बॉनव्हिलच्या मिठागरावर रॉली फ्री नांवाच्या स्वारानें व्हिन्सेंटवर ताशीं १५० मैलांचा उच्चांक केला. वाऱ्याची अडवणूक कमी व्हावी म्हणून त्यानें अंगावरचे कपडे उतरविले आणि पोहण्याची चड्डी तेवढी ठेवून तो गाडीवर पालथा पडला. तें छायाचित्र जगभर गेलें. आणि सहा वर्षांनीं, १९५४ सालीं, त्याच व्हिन्सेंटनें ‘ब्लॅक प्रिन्स’ व ‘ब्लॅक नाइट’ या गाड्या काढल्या, त्यांत यंत्र झांकलेलें, पाय झांकलेले, पुढें वाऱ्याला आडोसा! एकानें वाऱ्यापुढें लोटांगण घातलें, दुसऱ्यानें वाऱ्याला दार लावलें. नेहमींच्या कपड्यांत शंभर मैलांनीं जावें, आणि उतरतांना माणूस माणसासारखा दिसावा, अशी त्याची कल्पना होती. ग्राहकांस तें रूप रुचलें नाहीं, खर्च आवाक्याबाहेर गेला, आणि १९५५ च्या डिसेंबरांत व्हिन्सेंटच्या मोटारसायकली निघणें बंद झालें. वीस वर्षें आधीं जन्मलेल्या कल्पनांचें असेंच होतें. १९७६ सालीं जर्मनींतील बी. एम. डब्ल्यू. कारखान्यानें ‘आर १०० आर एस’ या गाडीस इटलींतील पिनिनफरिना यांच्या वातबोगद्यांत पारखून घेतलेलें पूर्ण कवच बसविलें, तेव्हां लोकांनीं तिचें स्वागत केलें. व्हिन्सेंटचें स्वप्नच तें, दुसऱ्याच्या घरीं खरें झालेलें.

वाऱ्याचें एवढें स्तोम कां, असें वाचक विचारतील. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ८० किलोमीटरचा वेग १२० केला, तर वेग दीडपट होतो, पण छातीवरचा दाब सव्वादोनपट, आणि तो तोडण्यास लागणारी शक्ति सुमारें सव्वातीनपटींहून अधिक. शर्यतीच्या गाडीवर पुढें ओणवून बसलेल्या स्वारास हाच वारा छातीखालीं उशीसारखा आधार देतो. पण तीच बैठक घेऊन तो आमच्या मुरबाड रस्त्यावर बैलगाडीमागें रेंगाळूं लागला, कीं उशी जाते आणि धडाचा सारा भार मनगटांवर येतो. म्हणून विलायतेंत सुखाची ठरलेली बैठक आपल्याकडे सुखाची ठरेलच असें नाहीं.

दुसरा शत्रु थरथर. एका नळकांड्याच्या यंत्रांतील दट्ट्या मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर सेकंदाला २०० वेळां थांबतो आणि २०० वेळां उलट फिरतो. त्याचा झटका तोलण्यासाठीं भुजेवर वजन ठेवावें, तर वरखालीं होणारा झटका मागेंपुढें होऊं लागतो; म्हणून निम्मेंच वजन ठेवून तडजोड करीत. उलट दिशेनें फिरणारा एक स्वतंत्र तोलदंड घातला म्हणजे हा घोटाळा बराचसा मिटतो. मद्रासेस १९५५ पासून बनत आलेल्या बुलेटला हा दंड कित्येक दशकें नव्हता, आणि तिचे भक्त त्या धडधडीलाच तिचा प्राण मानीत. २०२० सालीं नव्या ३५० च्या यंत्रांत तो दंड आला, तेव्हां पुष्कळांस हळहळ वाटली. आम्हांस वाटली नाहीं. कारण सांगतों.

पंचविशी नुकतीच उलटली असतां आम्ही एका मित्राची एकनळी गाडी मागून घेऊन नगरहून कळंबास येत होतों. मागें धाकटा भाऊ. सूर्यास्तापूर्वी घाट उतरावा म्हणून आळेफाट्यापासून कोठें थांबलों नाहीं. माळशेजच्या वळणांवर पोंचेपर्यंत उजव्या हाताचीं बोटें इतकीं बधिर झालीं होतीं कीं, ब्रेकचा दांडा धरला आहे कीं नाहीं, हें डोळ्यांनीं पाहिल्यावांचून कळेना. एका वळणावर आम्हीं खालीं पाहिलें, तेवढ्यांत गाडी गटारांत गेली. आम्हांस खरचटलें, भावाचा पाय मोडला. तो आजहि किंचित् लंगडतो. त्यानें आम्हांस कधीं शब्दानें दोष दिला नाहीं, पण प्रवासांतील सुखास जे चैन समजतात, त्यांच्याशीं आमचें त्या दिवसापासून जमत नाहीं.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. आकुर्डीच्या बजाज कारखान्यानें १९७२ सालीं जी स्कूटर काढली, तिला राणा प्रतापाच्या घोड्याचें नांव दिलें. पण ‘चेतक’ धांवणारी नव्हे, संसार वाहणारी. नवरा, बायको, दोन मुलें आणि गॅसची टाकी तिनें निमूटपणें वाहिली. २००१ सालीं ‘पल्सर’ आली, तेव्हां तरुणांस वेगाची चव लागली. पुढें चाकणच्या कारखान्यांत ऑस्ट्रियाच्या के. टी. एम. कंपनीची ३७३ घनसेंटिमीटरची चपळ गाडी बनूं लागली, आणि त्याच घराण्याचें यंत्र घेऊन १९१६ नव्हे, तर चांगलें २०१६ च्या डिसेंबरांत ‘डॉमिनार ४००’ निघाली. शतकाचा हा आंकडा आम्ही मुद्दाम मांडतों. कारण युरोपांत जो प्रश्न पहिल्या महायुद्धानंतर उभा राहिला, तो आपल्या कारखान्यांपुढें शंभर वर्षांनीं आला. प्रथम ३५ अश्वशक्तीची असलेली ही गाडी २०१९ सालीं ४० ची झाली, पुढचे दांडे अधिक भक्कम आले. आणि २०२१ सालीं उंच काच, हातांस आडोसे, पाठीस टेका व सामानाची चौकट हीं कारखान्यांतूनच मिळूं लागलीं. म्हणजे जें स्वार स्वतःच्या खर्चानें करून घेत होते, तें कारखान्यानें मान्य केलें. या इतिहासाचा अर्धा भाग गल्लींतल्या सीट शिवणाऱ्यांनीं आणि हँडलाखालीं ठोकळे बसवून तें दोन बोटें उंच करणाऱ्या मेस्त्रींनीं घडविला आहे. त्यांचीं नांवें कोणत्याहि कागदावर नाहींत.

मौज अशी कीं, चाकणपासून फार दूर नसलेल्या मुंबई-पुणें द्रुतगती मार्गावर दुचाकीस मज्जाव आहे. २००२ सालीं तो मार्ग पुरा झाला, तेव्हांपासून मोटारसायकलवाल्यानें जुन्याच वाटेनें बोरघाट चढावा, शिंग्रोबाला हात जोडावे आणि मालमोटारींच्या धुरांतून खंडाळा गांठावा. माल्कमच्या अमदानींत १८३० सालीं गाड्यांसाठीं खुला झालेला तोच हा घाट. तेव्हां आपल्याकडे जलद गाडी कोणती? ताशीं १५० जाणारी नव्हे. जिच्यावर बसून सहा तास न थांबतां ताशीं ५५ ची सरासरी राखतां येते आणि सातव्या तासालाहि बोटें ब्रेक ओळखतात, ती.

गेल्या श्रावणांत भावाच्या मुलानें नवी गाडी आणून अंगणांत लावली. भावानें तिला प्रदक्षिणा घातली, पण रंगरूपाविषयीं कांहीं बोलला नाहीं. “चालू कर,” एवढेंच म्हणाला. मग त्यानें हँडलावर तळवा ठेवला आणि मुलास फेऱ्या हळूहळू वाढवावयास सांगितलें. चार हजार, पांच हजार, सहा हजार. बराच वेळ तो तसाच उभा होता. शेवटीं हात काढून त्यानें बोटें उघडमीट करून पाहिलीं.

“अजून थोडी येते, दादा,” तो आम्हांस म्हणाला, “पण बोटें जागीं आहेत.” आणि मागच्या बैठकीवर बसून मुलाला त्यानें म्हशाच्या वाटेला लावलें.