म्हणजे किती?

काखेतला थर्मामीटर टीं टीं करतो. तुम्ही तो डोळ्यांसमोर धरता. ३८.९.

"किती आहे?" आई स्वयंपाकघरातून विचारते. तुम्ही आकडा सांगता, तशी ती पदराला हात पुसत दारात येते. कालपासून तिने वहीत नोंदी ठेवल्यात. सकाळी १००.४, दुपारी १०१, रात्री १०१.६.

"अडतीस? म्हणजे किती?"

कुठलंसं बटण जास्त वेळ दाबलं गेलंय आणि यंत्र सेल्सिअसमध्ये गेलंय. बाहेर चाळीस अंश म्हटलं की आपल्याला ऐकूनच घाम फुटतो, पण अंगातला ताप मात्र आपल्याला फॅरनहाइटमध्येच कळतो. हवेला एक माप, माणसाला दुसरं. गुणाकार-भागाकार करायचं त्राण नाही. तुम्ही डोळे मिटता आणि ग्लानीत खाट हलायला लागते.

डोळे उघडता तेव्हा पादुआत आहात. साल १६१२. समोर वैद्यकीचे प्राध्यापक सांतोरिओ उभे आहेत. त्यांच्या हातात काचेचा एक फुगा आहे. फुग्याला लांब नळी, आणि नळीचं उघडं तोंड खाली पाण्याच्या भांड्यात बुडालेलं. फुगा तोंडात धरा, अशी खूण ते करतात. तुमच्या तापलेल्या तोंडाने आतली हवा फुगते आणि नळीतलं पाणी खाली ढकलते. 'पारा चढला' म्हणायची सोयच नाही. इथे ताप चढला की पाणी उतरतं. दोऱ्याला टांगलेला गोळा झोके घेतोय. झोके मोजून होईपर्यंत पाणी किती उतरलं, तेवढा तुमचा ताप. नळीवर दोन टोकांच्या खुणा आहेत. एक फुग्याला बर्फ लावून केलेली, दुसरी मेणबत्तीची ज्योत लावून. माणूस कुठेतरी मध्ये. अडचण एवढीच, की भांडं उघडं आहे. उद्या वादळी हवा आली, हवेचा दाब उतरला, की ताप तोच असूनही पाणी वेगळीकडे थांबेल.

खोलीत टांगलेली एक खुर्चीही आहे. सांतोरिओ तिच्यात बसून जेवतात आणि जेवणाआधीचं, नंतरचं वजन लिहून ठेवतात. हे त्यांचं वर्षानुवर्षं चाललंय. तुम्हाला आईची वही आठवते.

फ्लॉरेन्स, १६५७. मेदिची घराण्यातल्या ग्रँड ड्यूक फर्डिनांडच्या पदरी काचेचे असे कारागीर आहेत की बघत राहावं. तुमच्या मनगटावर चक्क एक बेडूक बांधतात. काचेचा, पोकळ, आत मद्यार्क, आणि त्यात तरंगणारे रंगीत काचेचे मणी. प्रत्येक मणी वजनाला दुसऱ्याहून किंचित वेगळा. तुम्ही निजून बघत राहता. मद्यार्क अंगाच्या उबेने विरळ होतो, तसा एक मणी डुगडुगतो आणि सावकाश तळाशी जातो. बऱ्याच वेळाने दुसरा. वहीत लिहायचं झालं तर 'दुपारी एक मणी, रात्री दोन' असं लिहावं लागेल. पण एक मोठी गोष्ट इथे होऊन गेलीय. बेडकाचं तोंड बंद आहे. नळी वितळवून सील केली की बाहेरच्या दाबाची लुडबुड संपते, उरते फक्त उष्णता. लांब नळ्यांचे तापमापीही इथे बनतात, त्यांच्यावर अंशांच्या खुणा म्हणून मिन्याचे ठिपके डकवलेले. दोन नळ्या सारख्याच बोलतील की नाही, हे मात्र फुंकणाऱ्याच्या हातावर.

आता ॲमस्टरडॅम, १७२४. खोलीत कोळशाची धग आहे आणि अडतिशीचा एक माणूस भट्टीपाशी वाकलाय. गाब्रिएल दानिएल फॅरनहाइट. जन्म डान्झिगचा. पंधराव्या वर्षी आईवडील विषारी अळंबी खाऊन एकाच दिवशी गेले. मग नेमलेल्या पालकांनी व्यापार शिकायला इथे धाडलं, तर हा पोरगा उपकरणांच्या नादी लागला. इतका, की याला पकडून जहाजाने पूर्वेकडे रवाना करा, असा हुकूम त्यांनी मिळवला. तो हाती लागला नाही, हे माझ्या मते तुमच्या आईवरचे उपकार.

त्याचे हात बघा. काचेचा गोळा तो ज्योतीवर धरतो, आतली हवा पळते. नळीचं टोक तो पाऱ्यात बुडवतो. गोळा गार होऊ लागतो तसा पारा बारीक चकाकती रेघ होऊन आपणहून आत चढतो. मग पुन्हा ताप देऊन पारा टोकापर्यंत आणायचा आणि त्याच क्षणी ज्योतीने तोंड बंद करायचं. अर्धा श्वास चुकला तर सगळं पुन्हा.

खुणा करायला त्याच्याकडे तीन खुंट्या आहेत. बर्फ, पाणी आणि नवसागराचं मिश्रण म्हणजे ०. नुसतं बर्फ नि पाणी म्हणजे ३२. आणि निरोगी माणसाच्या तोंडात किंवा काखेत धरला तर ९६. हे विचित्र आकडे त्याने हवेतून काढलेले नाहीत. १७०८ मध्ये कोपनहेगनला ओले रोमर या खगोलशास्त्रज्ञाला त्याने तापमापींवर खुणा करताना पाहिलं होतं. तिथे बर्फ साडेसातवर होतं आणि अंगाची ऊब साडेबावीसवर. अपूर्णांक नकोत म्हणून चौपट केली, मग थोडी डागडुजी. ३२ आणि ९६ मध्ये ६४ घरं पडतात, म्हणजे अंतर निम्मं निम्मं करत सहा वेळा दुभागलं की काम झालं. कारागिराचा हिशेब हा.

तो काखेत नळी देतो. पारा ९६ ओलांडून शंभराच्या जवळ थबकतो. मग तो दुसरी नळी देतो. तीही तिथेच थांबते. त्याचा चेहरा खुलतो. दहा वर्षांपूर्वी हाले गावच्या प्राध्यापक वोल्फना त्याने असेच दोन तापमापी दिले होते, आणि दोन्ही सारखंच दाखवतात हे बघून ते चकित झाले होते. तुमच्या तापाचं त्याला काही नाही, त्याचा जीव या जोडीत आहे.

उप्साला, १७४२. इथे तुमचं नशीब उलटं आहे.

प्राध्यापक अँडर्स सेल्सिअस विरघळत्या बर्फात नळी खोचून अर्धा तास थांबलेत. दोन वर्षं हिवाळाभर, हवा कशीही असो, त्यांनी हेच केलंय, आणि पारा दर वेळी त्याच रेघेवर. उकळतं पाणी मात्र लहरी. बॅरोमीटर चढला की उकळी उशिरा येते, उतरला की लवकर. डोंगरावर डाळ शिजत नाही ती याचमुळे. म्हणून उकळीची खूण करताना हवेचा दाब किती, तेही त्यांनी ठरवून टाकलंय. दोन खुणा, मध्ये शंभर घरं. फक्त उकळतं पाणी ०, आणि बर्फ १००.

तुम्ही नळी काखेत धरता. एकसष्ट. उद्या ताप उतरला तर त्रेसष्ट होईल. आईची वही इथे आणली तर तिचा जीव भलत्याच वेळी टांगणीला लागेल. तुम्ही सांगू पाहता, की प्राध्यापकमहाशय, ही पट्टी उलटी धरा. पण ती सुलट झालेली बघायला ते नाहीत. दीड-दोन वर्षांत, बेचाळिसाव्या वर्षी, क्षयाने गेले. मग इतरांनी पट्टी फिरवली. कुणी आधी, यावर लिनियस, स्ट्रोमर, एकस्ट्रोम अशी तीन नावं निघतात.

लाइपझिगला फार थांबायचं नाही. १८६८, डॉ. वुंडरलिश. त्यांचा तापमापी फूटभर लांब, आणि काखेत वीस मिनिटं. हजारो रुग्णांची लाखो मापं घेऊन त्यांनी निरोगी अंग ३७ सेल्सिअस ठरवलं. त्या गोल आकड्याचं फॅरनहाइट करा, ९८.६ येतं. आपण ज्या दशांशावर इतका विश्वास टाकतो तो मोजलेला नाही, रूपांतरातून आलाय. आणि ९६ चे ९८ व्हायला लोकांची अंगं तापलेली नव्हती; फॅरनहाइटच्या माघारी पट्टी उकळत्या पाण्याच्या २१२ ला बांधली आणि माणूस आपसूक वर सरकला.

खाट थांबते. आई अजून दारातच आहे, हातात वही आणि पेन.

"अगं, एकशे दोन," तुम्ही म्हणता.

ती लिहिते. मग वरच्या ओळींवरून बोट फिरवते आणि तुमच्याकडे बघते. "आणि कालचे? ते ह्याच मापाचे होते ना?"