दोन्ही हातांत शस्त्र

डोंबिवलीच्या पाडव्याच्या स्वागतयात्रेत दोन्ही हातांत दांडपट्टे फिरवणारा एखादा तरुण वाचकांनी पाहिला असेल. पाती फिरू लागली की गर्दी आपोआप मागे सरते आणि मधोमध रिंगण तयार होते. आम्हांला पट्ट्यांपेक्षा ते मोकळे रिंगणच अधिक बोलके वाटते.

पट्ट्याची मूठ आडवी असते आणि तिच्यावरचे लोखंडी आवरण हातावर चढत जाते. मनगट त्यात बांधले जाते. वार खांद्यातून, कंबरेतून काढावा लागतो. म्हणूनच तो जबर बसतो. परंतु मनगटाच्या लहानशा वळणाने समोरचा वार परतवणे या शस्त्राला साधत नाही. ते काम दुसऱ्या हाताचे. त्या हातात ढाल असली तर प्रश्न मिटतो (‘ढाल-तलवार’ हा जोडशब्द मराठीत उगाच रुळलेला नाही). तिथेही पट्टाच असला, तर बचाव म्हणजे अखंड फिरत राहणे, आणि त्याला चहूबाजूंनी जागा हवी. वेढल्या गेलेल्या एकट्या वीराला ती चालते, कारण त्याच्या भोवती सगळे शत्रूच असतात.

मग जुलै १६६० मधील घोडखिंडीचे काय? पन्हाळ्यावरील पुतळ्यात बाजीप्रभूंच्या दोन्ही हातांत शस्त्रे आहेत आणि खिंड म्हटली की आपल्या मनासमोर तेच चित्र येते. पण अरुंद वाटेत, खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या बांदलांच्या मधे दोन लांब पाती फिरवली, तर पहिली इजा स्वकीयांनाच होणार. बाजीप्रभूंच्या पराक्रमाला याने तिळमात्र उणेपणा येत नाही. पुतळ्याला पुरावा मानण्याची आपली सवय मात्र तपासायला हवी.

याउलट १० नोव्हेंबर १६५९ ची प्रतापगडाच्या पायथ्याची भेट. वाघनखे आणि बिचवा ही दोन्ही आखूड शस्त्रे. मिठीच्या अंतरात लांब तलवार उपसायलाही अवकाश नसतो. ही जोडी तिथेच कामी येते.

युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकांत वेगळी तोड निघाली होती: उजव्या हातात लांब, निमुळती तलवार आणि डाव्यात वार अडवण्यापुरती कट्यार. पोर्तुगीजांच्या मायभूमीलाही ही विद्या परकी नव्हती. त्याच पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी १७३७ साली ठाणे घेतले, तेव्हा १७३० मध्ये बांधायला घेतलेला तिथला किल्ला अपुराच होता; आज त्यात मध्यवर्ती कारागृह आहे. तोवर हातातल्या शस्त्रांच्या जोडीचे महत्त्व ओसरले होते. दोन वर्षांनी वसईचा तट फोडला तो सुरुंगांनी.